लॅपटॉप मंदावला? आधी प्रत, मग दुरुस्ती

लॅपटॉप हळू चालायला लागला, की घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा हेच सांगतो, ऑफिसातला सहकारी हेच सांगतो आणि दुरुस्तीच्या दुकानातही पुष्कळदा हेच ऐकू येतं. बऱ्याच वेळा त्याने काम होतंही. साचलेला पसारा जातो, लॅपटॉप पुन्हा चालायला लागतो आणि सल्ला देणारा खूश होतो.

पण काही वेळा मंदावलेला लॅपटॉप ही हार्ड डिस्क निकामी होत चालल्याची पहिली खूण असते. अशा वेळी फॉरमॅट मारला, तर लॅपटॉप सुधारत नाहीच, वर आत साठवलेलं सगळं जातं. मुलीच्या बारशाचे फोटो, दुकानाची खाती, हाउसिंग सोसायटीची दहा वर्षांची इतिवृत्तं, अर्ध्यावर आलेला प्रबंध. लॅपटॉप पैसे टाकून दुसरा आणता येतो. या गोष्टी कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

म्हणून आज तीन गोष्टींविषयी बोलू या. लॅपटॉप मंदावण्याची कारणं कोणती, त्यांतलं डिस्कचं दुखणं कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं. यांतला क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे. पुष्कळांचं नुकसान डिस्क बिघडल्यामुळे होतं, त्याहून ते क्रम चुकल्यामुळे होतं.

डिस्कच्या पेटीत काय चालतं?

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळं धूड सुमारे एक टन वजनाचं होतं. त्यावर मावायचं ते जेमतेम चार मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. आज लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क तळहातावर मावते आणि तिच्यात असे लाखभर फोटो सहज राहतात. मूळ रचना मात्र फारशी बदललेली नाही. फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारा एक वाचक, ज्याला ‘हेड’ म्हणतात.

ग्रामोफोनच्या तबकडीची आठवण होईल, पण एक मोठा फरक आहे. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते. इथे हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगत राहतं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती कमी आहे याची कल्पना यावी. चालू लॅपटॉप टेबलावरून पडला, की हे अंतर राहत नाही. हेड तबकडीवर घासतं आणि त्या जागेवरचा डेटा खरवडला जातो.

लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. शिवाय हेडला योग्य वर्तुळावर सरकायला वेळ लागतो. दोन्ही मिळून एका जागेसाठी सेकंदाचा साधारण साठावा भाग जातो. म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या गोष्टी वाचायच्या असतील, तर धडधाकट डिस्कही सेकंदाला साठेक जागाच गाठू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक जागा वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कचा लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं का घेतो, याचं उत्तर या साध्या हिशेबात आहे.

आता बिघाडाकडे येऊ. तबकडीवर डेटा लहान लहान घरांत ठेवलेला असतो. त्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. प्रत्येक घरासोबत एक पडताळा लिहिलेला असतो, जमाखर्चाच्या ताळ्यासारखा. वाचलेला डेटा आणि पडताळा जुळला नाही, की डिस्क लगेच हार मानत नाही. ती तीच जागा पुढच्या फेऱ्याला पुन्हा वाचते, मग पुन्हा. सात सेकंद प्रयत्न चालला, तर तेवढ्यात तबकडी ६३० वेळा फिरून जाते. तोपर्यंत विंडोज खोळंबून राहतं. आपण क्लिक करतो, काही होत नाही. पुन्हा क्लिक करतो, खिडकी पांढरी पडते. मग अचानक सगळं सुरळीत होतं आणि आपण म्हणतो, ‘लॅपटॉप जुना झाला.’

शेवटी डेटा वाचता आला, तर डिस्क तो राखीव ठेवलेल्या दुसऱ्या घरात हलवते आणि खराब जागा कायमची वाळीत टाकते. हे सगळं ती गुपचूप करते, पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही. आपल्याला जाणवतो तो फक्त मंदपणा. म्हणूनच तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आधी साधी कारणं तपासा

मंदपणाचं प्रत्येक कारण गंभीर नसतं, हेही लगेच सांगायला हवं. वैद्य आधी साध्या शक्यता पाहतात, तसंच इथे करावं.

पहिली शक्यता उष्णतेची. गादीवर किंवा मांडीवर उशी घेऊन लॅपटॉप वापरला, की खालची हवेची जाळी झाकली जाते. आत धूळ साचली असेल, तर पंखा कितीही फिरला तरी उष्णता बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मंद आणि रात्री बरा चालणारा लॅपटॉप बहुधा याच कारणाने त्रास देत असतो. आतली धूळ साफ करून घेतली, की तो सुधारतो.

दुसरी शक्यता रॅमची. रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असेल, तर दर वेळी कागद कपाटात ठेवायचे आणि दुसरे काढायचे. चार गिगाबाइट रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या, की हीच ये-जा सुरू होते. डिस्क सतत राबताना दिसते, पण दोष तिचा नसतो.

तिसरी शक्यता पसाऱ्याची. लॅपटॉप सुरू होताच आपोआप सुरू होणारे दहा-पंधरा प्रोग्रॅम, एकाच वेळी बसवलेले दोन अँटिव्हायरस, काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह. यांतलं काहीही असलं तरी वेग पडतो. चौथी शक्यता अपडेटची. बरेच दिवस बंद असलेला लॅपटॉप इंटरनेटला जोडला, की विंडोज पाठीमागे अपडेट उतरवत बसतं. तासभर त्याला काम पुरं करू द्यावं आणि मग बोलावं.

नेमकं काय चाललं आहे, हे पाहायची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावर किती ताण आहे, हे टक्क्यांत दिसतं. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल, तर आधी रॅमचा विचार करावा. प्रोसेसर शंभरावर असेल, तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतो आहे ते त्याच यादीत वाचावं.

डिस्कचं दुखणं कसं ओळखायचं?

प्रोसेसर निवांत आहे, मेमरी मोकळी आहे आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकली आहे, असं दिसलं, की सावध व्हावं. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्कवर क्लिक केलं, की आणखी दोन आकडे दिसतात. एक वाचण्या-लिहिण्याचा वेग आणि दुसरा प्रतिसादाला लागणारा सरासरी वेळ. डिस्क पूर्ण वेळ कामात आहे, वेग मात्र सेकंदाला काही किलोबाइट आणि प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद, असं वारंवार दिसत असेल, तर ती एखाद्या खराब जागेशी झगडते आहे, असं समजायला हरकत नाही.

वागण्यातल्या खुणाही असतात. एखादी ठराविक फाइल किंवा ठराविक फोल्डर उघडलं, की लॅपटॉप गोठतो. फाइलींची प्रत करताना दर वेळी त्याच ठिकाणी काम अडतं. सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला बसतं आणि हे वरचेवर घडतं. काल उघडणारा फोटो आज अर्धा राखाडी दिसतो. आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे आवाज. ठरावीक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

याखेरीज डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक वही आतल्या आत ठेवत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असं नाव आहे. ही वही वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. तो निळा, पिवळा आणि लाल अशा रंगांत निकाल दाखवतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगाखालच्या यादीत तीन नोंदी पाहाव्यात. पाचव्या क्रमांकाची नोंद किती जागा वाळीत टाकल्या ते सांगते. १९७ क्रमांकाची नोंद किती जागा संशयित आहेत ते सांगते. १९८ क्रमांकाची नोंद किती जागा वाचताच आल्या नाहीत ते सांगते. या तिन्ही ठिकाणी शून्य असावं. शून्य नसेल आणि आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क उतरणीला लागली, हे नक्की. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर मात्र दोष डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा किंवा सैल जोडणीचा असू शकतो. नवी डिस्क विकत घेण्याआधी एवढं पाहून घ्यावं.

या नोंदींवर किती भरवसा ठेवावा? गूगलच्या तीन अभियंत्यांनी कंपनीच्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिली जागा वाळीत टाकल्यावर डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी नोंद नसलेल्या डिस्कच्या तुलनेत १४ पटींनी अधिक होती. म्हणजे इशारा आला, तर तो गंभीरपणे घ्यावा. पण याच अभ्यासात दुसरी गोष्टही आढळली. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत, तापमान सोडलं, तर दोषाची एकही नोंद नव्हती. म्हणजे इशारा आला नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. निळा रंग पाहून प्रत काढायचं पुढे ढकलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आधी प्रत

डिस्कविषयी शंका आली, की पहिलं काम एकच. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढणं. तपासणी नंतर, दुरुस्ती त्याहून नंतर.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सगळं डी ड्राइव्हवर ठेवलंय, त्यामुळे काळजी नाही,’ असं पुष्कळ जण सांगतात. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज बिघडलं आणि फक्त सी कप्पा फॉरमॅट केला, तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच गेली, तर दोन्ही कप्पे एकदम जातात. कपाटाला आग लागल्यावर वरचा खण आणि खालचा खण असा फरक राहत नाही. प्रत हवी ती वेगळ्या वस्तूवर. बाहेरून जोडायची डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा इंटरनेटवरची साठवण.

प्रत करतानाही क्रम पाळावा. सगळी डिस्क एकदम उचलायला जाऊ नये. जे पुन्हा कधीच मिळणार नाही, ते सर्वांत आधी. कागदपत्रं आणि हिशेब आकाराने लहान असतात, ते पहिल्या पाच मिनिटांत होतात. मग घरचे फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी, वेळ मिळाला तर. एखाद्या फाइलवर काम अडलं, तर तिच्यामागे न लागता ती सोडून पुढे जावं. आजारी डिस्क किती वेळ चालेल, हे कोणी सांगू शकत नाही. तिची उरलेली मिनिटं एका फाइलवर घालवू नयेत.

काही गोष्टी हमखास विसरल्या जातात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर सगळे उचलतात. पण टॅलीतली खाती टॅलीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. आउटलुकमध्ये येणारी पत्रं आणखी कुठे तरी असतात. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल, तर वाचता येत नाही. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली छापखान्यांची, संस्थांची आणि लेखकांची कागदपत्रं अजून कितीतरी आहेत. फाइलींबरोबर त्यांचे फॉन्टही उचलावेत. नाही तर फाइल हाती असूनही मजकूर गेल्यासारखाच.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावं. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्कला आपोआप बिटलॉकर पद्धतीचं कुलूप लागलेलं असतं. त्याची किल्ली म्हणजे ४८ अंकी आकडा. तो बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असतो. लॅपटॉप चालू आहे तोवर तो आकडा कागदावर उतरवून ठेवावा. डिस्क काढून दुसरीकडे जोडायची वेळ आली, तर त्याशिवाय काही उघडत नाही.

काय करू नये, तेही स्पष्टच सांगतो. शंकास्पद डिस्कवर फॉरमॅट नको, डीफ्रॅग नको, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी नको. ‘चेकडिस्क’ हा विंडोजचा तपासनीस एरवी उपयोगी आहे, पण खराब जागा शोधण्यासाठी तो सगळी डिस्क तासन्‌तास वाचत बसतो आणि फाइलींच्या नोंदींत बदलही करतो. प्रत काढण्याआधी त्याला हात लावू नये. टकटक आवाज येत असेल, तर प्रत काढण्याच्याही फंदात न पडता लॅपटॉप बंद करावा. प्रत्येक चालू मिनिटाला हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते.

विंडोज सुरूच होत नसेल, तरी लगेच सगळं संपलं असं नाही. लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवता येते आणि तिच्यातून आतल्या फाइली दिसू शकतात. डिस्क बाहेर काढून, यूएसबीने जोडायच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. जाणकार तंत्रज्ञ ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरतात. त्याची रीत शहाणपणाची आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलून घेतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. पेन-पेपर हाती आल्यावर परीक्षेतले सोपे प्रश्न आधी सोडवावेत, तसंच.

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावी, हा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नये. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तबकडीवर ओल येते. डिस्कला टिचक्या मारू नयेत, झाकण तर मुळीच उघडू नये. काही नॅनोमीटरच्या फटीपुढे धुळीचा एक कण म्हणजे डोंगर असतो. डिस्क उघडून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. तिथे धूळविरहित खोलीत काम चालतं. खर्च मोठा असतो आणि यशाची खात्री कोणी देत नाही. पण तो मार्ग पत्करायचा असेल, तर घरगुती प्रयोग करण्याआधीच पत्करावा.

मग दुरुस्ती

प्रत हातात आली, की मन शांत होतं आणि पुढचे निर्णय नीट घेता येतात. दुरुस्तीला लॅपटॉप देताना पहिलं वाक्य ‘हळू चालतोय’ हे नसावं. ‘आतला डेटा काढून घेतला आहे’ किंवा ‘आतला डेटा अजून काढायचा आहे’ हे असावं. शक्य असेल, तर ते पावतीवर लिहून घ्यावं. दुकानदाराचं काम लॅपटॉप सुरू करून देणं हे असतं. आत काय मोलाचं आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

डिस्क बदलायचीच असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागेत त्याच मापाची एसएसडी बसते. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, काहीच फिरत नाही. हवी ती जागा गाठायला तिला सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. मघाचा हिशेब आठवा. हार्ड डिस्कला सेकंदाचा साठावा भाग लागत होता. त्यामुळे सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही एसएसडी बसवल्यावर ओळखू येऊ नये इतका वेगाने चालतो.

खर्च करण्यापूर्वी एक विचार मात्र करावा. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारण २०१८च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. असा लॅपटॉप बँकेच्या व्यवहारांसाठी वापरायचा असेल, तर नवा घ्यावा की लिनक्स बसवावं, हे दुकानदाराशी बोलून ठरवावं. आणि जुनी डिस्क दुकानात न सोडता मागून घ्यावी. आपल्याला ती बंद वाटली, तरी तिच्यातले फोटो आणि आधार-पॅनच्या प्रती जाणकाराला काढता येऊ शकतात. नव्या प्रती नीट असल्याची खात्री झाल्यावर ती डिस्क मोडून ई-कचऱ्यात द्यावी.

एसएसडी आली म्हणजे चिंता मिटली, असंही नाही. ती पडण्याला घाबरत नाही, पण बिघडते तेव्हा बहुधा आवाज करत नाही. आज चालू, उद्या दिसतच नाही, असं होऊ शकतं. शिवाय तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ अवघड असतं. म्हणजे प्रतीची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

प्रत खरी आहे का?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक सोपा नियम जगभर वापरला जातो. तीन, दोन, एक. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. त्यांतली एक घराबाहेर असावी. घराबाहेर का? चोर लॅपटॉप नेतो, तेव्हा शेजारी ठेवलेली बाहेरची डिस्कही नेतो. पुराचं पाणी कपाटातल्या दोन्ही वस्तूंवर सारखंच चढतं. बहिणीच्या घरी ठेवलेली एक डिस्क किंवा इंटरनेटवरची साठवण, कोणतंही चालेल. मात्र इंटरनेटवर आपोआप जुळवून घेणारं फोल्डर असेल, तर इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते, हे ध्यानात ठेवावं. बाहेरची डिस्कही काम झालं की काढून ठेवावी. खंडणीखोर व्हायरस शिरला, तर तो जोडलेल्या सगळ्याच डिस्कवरच्या फाइलींना कुलूप लावतो.

आणि काढलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार या कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू होतं. एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. कंपनीकडे रोजच्या प्रती काढायची व्यवस्था होती, पण ती काही काळ नीट चालत नव्हती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गॅलिन सुसमन या अधिकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीतून कंपनीत आणला गेला आणि काम वाचलं. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते घराबाहेरच्या, इथे कंपनीबाहेरच्या, त्या एका प्रतीने.

२०११पासून ३१ मार्च हा दिवस जगात ‘बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेब पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी वह्या मिटवताना फाइलींची एक प्रतही काढून ठेवली, तर वर्षातून एकदा तरी हे काम नेमाने होईल. पण ज्यांचा लॅपटॉप आत्ताच अडखळतो आहे, त्यांनी मार्चची वाट पाहू नये. आज रविवार आहे. एक पेन ड्राइव्ह शोधा, सर्वांत मोलाचं एक फोल्डर त्यावर उतरवा आणि दुसऱ्या लॅपटॉपवर ते उघडतं का, ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर लॅपटॉप का मंदावला, हे शांतपणे शोधायला उरलेला दिवस आहेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)